युद्धाच्या बातम्या आणि आपली आशा : तुमचे अनुभव लिहा

२०२५ हे कॅथलिक चर्चचं ज्युबिली (पवित्र) वर्ष, 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचं बोधवाक्य. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगाम झालं, मेमध्ये सीमेवर क्षेपणास्त्रं उडाली, जूनमध्ये इराण-इस्रायल पेटलं. ज्युबिलीच्या घोषणापत्रात पोप फ्रान्सिस यांनी आशेची चिन्हं सांगताना सर्वांत आधी जगातल्या शांततेचं नाव घेतलं होतं. हसावं की रडावं कळेना. म्हणून विचारते आहे : त्या काळात, किंवा आधीच्या एखाद्या युद्धात, तुम्ही काय धरून राहिलात? बायबलमधली वचनं सगळ्यांना पाठ आहेत. ती तेव्हा उपयोगी पडली का, एवढं लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, चर्चला न जाणारे, सगळे चालतील. कोण जिंकलं याची चर्चा इथे नको.

सुरुवात मी करते.

बोईसर

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आमच्यापासून जवळ. ७ मेच्या मॉक ड्रिलच्या (हल्ल्याच्या वेळी काय करायचं याच्या सरावाच्या) यादीत मुंबई आणि उरणबरोबर तारापूर पहिल्याच वर्गात होतं, आणि मुलांच्या ग्रुपवर ती यादी आमच्या आधी पोचली. धाकट्यानं जेवताना विचारलं, "मम्मी, केंद्रावर बॉम्ब पडला तर आपण कुठे जायचं?" मी काहीतरी पुटपुटले. सासूबाई म्हणाल्या, "आधी वरण-भात संपव, मग जपमाळेला बस. कुठे जायचं ते पप्पा आल्यावर ठरवू." त्यांना काळजी नव्हती असं नाही, पण त्यांचा क्रम पक्का होता.

दुसऱ्या रात्री आमच्याकडे रिमोटवरून भांडण. एका वाहिनीवर जम्मूतला ब्लॅकआउट, दुसरीवर सेंट पीटर्सच्या चौकातली गर्दी. अकराच्या सुमारास नवे पोप लिओ सज्जात आले आणि पहिलंच वाक्य बोलले, "तुम्हां सर्वांना शांती असो." दारं लावून भेदरून बसलेल्या शिष्यांना पुनरुत्थित प्रभू हेच म्हणाला होता. तो आत आला तेव्हा बाहेरचा धोका टळलेला नव्हता, हे इतकी वर्षं ऐकूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. रविवारी पोपमहोदयांनी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचं स्वागत केलं तेव्हा सासूबाईंनी टीव्हीलाच हात जोडले.

अहिल्यानगर

आमचं नगर फौजेचं. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, त्यामुळे युद्ध म्हणजे टीव्हीवरचा आरडाओरडा नाही. यजमान तेव्हा जम्मूकडे होते. फोन बंद. स्तोत्र ९१ मला इतक्या जणांनी पाठवलं की शेवटी मी ते उघडणंच सोडलं. तुझ्या बाजूला हजारो पडतील, पण तुला काही होणार नाही, असं त्यात आहे. ते हजारो कोण? त्यांच्याही घरी कुणीतरी फोनकडे बघत बसलंच असेल ना.

उपासनेत पाळकसाहेबांनी आपल्या जवानांसाठी प्रार्थना केली आणि मग सीमेपलीकडच्या घरांसाठीही. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. खरं सांगते, मलाही राग आला. वैऱ्यांवर प्रीती करा, हे एरवी ऐकायला बरं वाटतं. पण रात्री झोप येईना तेव्हा मी तीच प्रार्थना केली, कारण नुसती आपल्यांसाठी मागताना आपण कुणाचं तरी मरण मागतोय असं वाटायला लागलं. सगळ्यांना हे पटावं असा आग्रह नाही. आशेचं म्हणाल, तर ती चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी घरी आणून दिली. एकीलाही उपदेश सुचला नाही, हे देवाचे उपकार. एकीनं मुलांना सुट्टीत आपल्याकडे नेलं, दुसरी संध्याकाळी येऊन भाजी निवडत बसायची.

माझगाव, मूळ बार्देश

नगरच्या ताईंचं वाचून लिहितोय. आमची माणसं दोन्हीकडे आहेत. ब्रिटिशांच्या काळात गोव्याची पोरं पोटासाठी मुंबईला गेली तशी कराचीलाही गेली. बाबांची आत्या लग्न होऊन तिथे गेली, सदरमधल्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलजवळ तिचं घर. फाळणीनंतरही पत्रं यायची, नाताळात कुणाबरोबर तरी दोदोल (नारळ-गुळाची गोवेकरी मिठाई) यायचा.

१९७१ च्या डिसेंबरात पत्रं थांबली. आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, सायरन झाला की दिवे बंद. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या बोटींनी कराचीवर क्षेपणास्त्रं सोडली. बातमी कळल्यावर चाळीत पेढे वाटले. बाबांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला. ते गोदीत कामाला होते, बंदर जळणं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि तरी, दर ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तेव्हा माझी छाती फुगतेच. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, चालू होता. घरच्या प्रार्थनेत आजी आम्हां पोरांना बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा उतारा वाचायला लावायची, लांडगा कोकराजवळ राहील तो. माझा मोठा भाऊ एकदा मोठ्यानं हसला. आजी रागावली नाही. म्हणाली, "हस. यशयाच्या वेळीही हसलेच असतील. दारात अश्शूरचं सैन्य होतं." सातवी शिकलेल्या बाईनं दिलेलं हे उत्तर मला पुढे कुठल्याच प्रवचनात मिळालं नाही. संकट टळल्यावर लिहिलेलं ते भाकीत नव्हतं.

आत्याचं पत्र पुढे कधीतरी लंडनच्या नातेवाइकांमार्फत आलं. तिथेही काळे कागद, तिथेही अंधारात रोझरी. लिहिलं होतं, तुमच्यासाठी वेगळी आणि आमच्यासाठी वेगळी म्हणता येईना, म्हणून एकच म्हटली. २०२५ च्या मेमध्ये तिच्या नातवाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "अंकल, यू ओके?" मी लिहिलं, ओके. मग दोघांनी क्रिकेटवर गप्पा मारल्या.

दोहा, कतार

मी वसईची, इथे नर्स आहे. २३ जूनच्या संध्याकाळी आधी हवाई हद्द बंद झाल्याची बातमी आली, मग आकाशात स्फोट. इराणनं अल उदेदच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. औषधं द्यायची वेळ होती, ती दिली. प्रार्थना म्हणाल तर "येशू, येशू" एवढंच, तेही सलाईन लावताना. शुक्रवारी (इथे मुख्य गर्दी शुक्रवारच्या मिस्सेला) चर्चमध्ये मल्याळी, फिलिपिनो, गोवेकर, सगळ्यांची तीच कथा. यापेक्षा मोठा अनुभव माझ्याकडे नाही.

श्रीरामपूर

निवृत्त पाळक आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकचा सद्दाम आणि बायबलमधलं बाबेल (बॅबिलोन) यांची सांगड घालून जगाचा शेवटचा काळ आला असं सांगणारे प्रचारक तक्ते घेऊन आमच्या भागात फिरत होते. काही घरांत पेरणीची चर्चा थांबली. तेच तक्ते आता रंगीत होऊन मोबाईलवर येतात, नावं तेवढी बदललेली. मत्तय २४ मध्ये प्रभूनं लढाया आणि लढायांच्या अफवा सांगितल्या, पण त्याच वचनात घाबरू नका म्हटलं, आणि एवढ्यानं शेवट होत नाही असंही. अर्धं वचन पाठवणाऱ्यांना मी उरलेलं अर्धं पाठवतो. बहुतेक जण मला ब्लॉक करतात.

पुणे

मी आनंदानं लिहीत नाहीये. गाझातल्या पवित्र कुटुंब चर्चला पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे, मृत्यूच्या दोनच दिवस आधीपर्यंत. १७ जुलै २०२५ ला त्याच चर्चवर तोफगोळा पडला, तिघे गेले, धर्मगुरू जखमी झाले. मग त्या सगळ्या फोनांचा उपयोग काय? मदर तेरेसांच्या सिस्टर्स तिथे अपंग मुलांना सांभाळत राहिल्या, चर्चच्या आवारात शेकडो लोक राहत होते, हे मला माहीत आहे. तरी प्रश्न सुटत नाही. मी चर्चला जातो. शांतीसाठीच्या प्रार्थनेला "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणताना माझा आवाज लागत नाही. आशा सापडली नसेल तर इथे लिहायचं की नाही?

बोईसर

पुणेकर, लिहायचंच. तुम्ही लिहिलंत म्हणून आणखी दोघांनी मला व्यक्तिगत निरोपात तेच कळवलं, त्यांनीही इथे यावं.

आणखी एक विनंती. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा लाखाहून अधिक भारतीय बसनं बगदादमार्गे अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियानं मायदेशी आले. वसई-पालघरकडची, गोव्याची त्यातली कुणी इथे आहेत का? वाळवंटातल्या छावण्यांत रविवार कसा गेला, मिस्सा मिळाली का, काय खाल्लं, सगळं लिहा. मोठं झालं तर दोन भागांत टाका.