केए पासिंगची कार एमएच करायचीय, सुरुवात नक्की कुठून करू?

वाकडकर_नवा
नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी बंगळूरहून पुण्याला शिफ्ट झालो, राहायला वाकड, ऑफिस बाणेर. गाडी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक, केए ०३ पासिंग, माझ्याच नावावर. लोन नुकतंच फिटलंय पण आरसीवर अजून बँकेचं नाव दिसतंय. आता इथेच राहायचं पक्कं झालंय, बायकोचीही नोकरी इथे लागली, त्यामुळे गाडी एमएच करून टाकावी म्हणतोय. नेटवर वाचलं तर कोणी म्हणतं एनओसी आधी, कोणी म्हणतं टॅक्स आधी, एक एजंट भेटला तो म्हणाला सगळं माझ्यावर सोडा आणि असा आकडा सांगितला की मी चहा अर्धाच ठेवून निघालो. स्वतः करायचं असेल तर क्रम काय? आणि तोपर्यंत पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं? अजून वर्ष पूर्ण व्हायला थोडे महिने आहेत.

सीमाभाग_०९
दादा क्रम चुकला की सगळं परत फिरून करावं लागतं, तेव्हा तो नीट समजून घ्या, बाकी अवघड काही नाही.

सगळ्यात आधी बोजा उतरवा, म्हणजे आरसीवरचं बँकेचं नाव काढा. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा फॉर्म) घ्या, दोन प्रती, दोन्हीवर बँकेचा सही-शिक्का. या बँकेच्या एनओसीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते त्यामुळे ती घेऊन ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका. हे काम कर्नाटकातच उरकलेलं बरं, कारण तुमच्या गाडीचं रेकॉर्ड अजून तिकडच्या आरटीओकडे आहे. लोन चालू असताना पण गाडी हलवता येते, बँक तशी वेगळी एनओसी देते, पण तुमचं फिटलंच आहे तर कशाला तो घोळ.

मग पेंडिंग ई-चलनं बघा. बंगळूरचे कॅमेरे फार प्रेमळ आहेत, सिग्नलवर रेषेच्या थोडं पुढे थांबलात तरी आठवण ठेवतात. ती भरल्याशिवाय पुढे सरकत नाही.

त्यानंतर फॉर्म २८, म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी. अर्ज परिवहनच्या साइटवर भरता येतो पण कागदं तिथल्या ऑफिसात द्यायला एकदा जावं लागेल असंच धरून चाला. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. सोबत एनसीआरबीचा रिपोर्ट जोडा, म्हणजे गाडी चोरीची किंवा कुठल्या गुन्ह्यातली नाही याचा, तो ऑनलाइन निघतो.

आणि आता महत्त्वाचं. एनओसी "महाराष्ट्रासाठी" नसते, ठराविक आरटीओच्या नावाने असते. तुम्ही पुणे म्हणताय पण वाकड एमएच १४ मध्ये येतं, म्हणजे पिंपरी-चिंचवड. एमएच १२ (पुणे शहर) लिहून आणलंत तर परत बंगळूर!!

गिअर_पाचवा
वरच्यांनी एमएच १४ चं सांगितलं ते लाख मोलाचं. माझ्या मित्राला एजंटने एमएच १२ च्या नावाची एनओसी काढून दिली, मित्र राहायला पिंपळे सौदागरला. वर एजंट म्हणतो पुणे पुणेच ना साहेब. आणि एनओसी निघाली की जुन्या आरटीओत गाडी लॉक झाल्यासारखी होते, ना तिकडचं काम होतं ना इकडचं, आधी ती एनओसी रद्द करायची मग नवीन.

टॅक्सचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण खरा खर्च तिथेच आहे. नवीन नंबरची सरकारी फी कारला ६०० रुपये, ती काही नाही. महाराष्ट्रात पेट्रोल कारला एकरकमी टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे त्यातले काही टक्केच भरावे लागतात. समजा इनव्हॉइस ९ लाखांचं असेल तर नव्या गाडीला ९९ हजार झाले असते, तुमची २०२१ ची आहे म्हणजे त्याहून बरंच कमी. पण हिशोब मूळ इनव्हॉइसवर होतो, तेव्हा ते शोधून ठेवा, नसेल तर डीलरकडून कॉपी मागवा. आज सेकंडहँड बाजारात गाडीला काय भाव येतो याच्याशी आरटीओला देणंघेणं नाही, तिथे वाद घालत बसू नका.

कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. तो अर्ज इथला नंबर मिळाल्यावर करायचा, नव्या आरसीची कॉपी, एनओसीची कॉपी, जुनी टॅक्स पावती, कॅन्सल चेक वगैरे लावून. म्हणजे इकडे आधी पूर्ण भरायचे आणि तिकडचे सावकाश येणार. पैशांची सोय त्या हिशोबाने करा.

तिरका_कोपरा
मला एक कळत नाही, एवढी घाई कशाला? कायदा म्हणतो १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर नवा नंबर घ्या. आमच्या सोसायटीत एचआर, डीएल, टीएन, सगळ्या पासिंगच्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या आहेत, कोणाला काही झालेलं नाही. दर वर्षी दिवाळीत गावी जाऊन यायचं, टोलची पावती ठेवायची, झालं.

सीमाभाग_०९
@तिरका_कोपरा काही झालेलं नाही म्हणजे *अजून* झालेलं नाही. साधे ट्रॅफिक पोलीस आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बघून सोडतात बहुतेकदा, पण आरटीओचं वायुवेग पथक रस्त्यावर असतं तेव्हा ते थेट टॅक्सवर येतात. आणि पावतीचं म्हणाल तर आता फास्टॅग आहे. सीमेवरच्या कोगनोळी टोलला महाराष्ट्रात शिरल्याची एन्ट्री कधीची आणि त्यानंतर रोज कुठल्या टोलला पैसे कापले गेले हे स्टेटमेंट सगळं सांगतं. ते तुमच्या बाजूने पण बोलतं आणि विरुद्ध पण.

प्रश्नकर्त्याला: तुमचं वर्ष व्हायचंय ना, मग कोगनोळीच्या एन्ट्रीचं ते स्टेटमेंट डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा. अडवलं तर तेवढं दाखवा. आरसी डिजिलॉकरमधली चालते. हुज्जत घालू नका, कलमं पाठ म्हणून दाखवू नका.

फिरस्ती_नोकरी
बीएच सिरीजचा (भारत सिरीज, राज्य बदललं तरी तोच नंबर चालतो) विचार केला का? २०२१ च्या सप्टेंबरपासून आहे. केंद्र किंवा राज्य सरकारी, सैन्यदल, पब्लिक सेक्टर, आणि खासगीत ज्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते. खासगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) भरून आणावा लागतो. आधी फक्त नव्या गाडीला होती, २०२२ च्या डिसेंबरच्या दुरुस्तीनंतर जुन्या रेग्युलर नंबरच्या गाडीलाही बीएच करता येतं. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर पेट्रोलला १० लाखांखाली ८ टक्के, १० ते २० ला १०, वर १२, डिझेलला दोन टक्के जास्त आणि इलेक्ट्रिकला दोन कमी.

पण खरं सांगू, तुम्ही म्हणताय इथेच राहायचं पक्कं, मग बीएचचा फायदा काय? दर दोन वर्षांनी टॅक्सची तारीख लक्षात ठेवत बसायचं. ज्याची बदली ठरलेली त्याच्यासाठी ती आहे. उद्या पुन्हा बंगळूर किंवा हैदराबाद होण्याची दहा टक्के जरी शक्यता असेल तर ऑफिसच्या एचआरला फॉर्म ६० बद्दल विचारून बघा, तिथेच बऱ्याच जणांची गाडी अडते कारण एचआरला हा फॉर्म काय ते माहीतच नसतं.

वाकडकर_नवा
वा, एवढं सविस्तर अपेक्षित नव्हतं, मनापासून आभार. बीएच नको, इथेच खुंटा गाडलाय. दोन शंका. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालेल का, आधार अजून बंगळूरच्या पत्त्याचं आहे. आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट म्हणजे नक्की काय करायचं, तो नंबर गाडीत असतो कुठे?

गिअर_पाचवा
भाडेकरार चालतो, पण रजिस्टर केलेला लीव्ह अँड लायसन्स हवा, नुसत्या नोटरीवर काउंटरवाला नाक मुरडतो. तुमच्यासाठी सरळ उपाय म्हणजे त्याच करारावर आधारचा पत्ता आधी बदलून घ्या, मग ऑनलाइन अर्ज, अपॉइंटमेंट सगळीकडे तोच पत्ता जातो आणि इन्शुरन्सलाही तोच लागतो. बोजा उतरेपर्यंत ते होऊन जाईल.

हवा_पाणी_ऑइल
गॅरेजवाला आहे, प्रिंटचं मी सांगतो. नंबर कुठे आहे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच हॅचबॅकला पुढच्या सीटखाली मॅटला चीर असते ती उचलली की पत्र्यावर कोरलेला दिसतो, काहींना बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर. आधी कापडाने धूळ आणि ग्रीस पुसा, नाहीतर नुसता काळा डाग उमटतो. मग पेन्सिल आडवी धरून अक्षरांवर हलकी घासायची, त्यावर पारदर्शक सेलोटेप नखाने दाबून बसवायचा आणि एका दमात उचलायचा. अंक टेपवर येतात, तो फॉर्मवर चिकटवायचा. एकदाच चार-पाच काढून ठेवा, इकडच्या फॉर्म २७ च्या (नव्या नंबरच्या अर्जाच्या) वेळी पण लागतात. गंज धरला असेल तर सॅंडपेपर अजिबात मारू नका, अंक पुसट झाला तर इन्स्पेक्टर शंका घेणार आणि ते निस्तरणं लै बेकार काम.

गाडी इन्स्पेक्शनला न्याल तेव्हा धुवून न्या म्हणजे तो नंबर चटकन दिसतो. बुल बार असेल तर काढा, काचांना काळी फिल्म असेल तर काढा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल आणि आरसीवर चढवलं नसेल तर ते आधी निस्तरा. इन्स्पेक्टर फार वेळ लावत नाही पण या गोष्टी त्याला लांबूनच दिसतात.

सीमाभाग_०९
हे बेस्ट. इकडचं उरलेलं सांगून टाकतो. फॉर्म २७ भरायचा, टॅक्स आणि फी ऑनलाइन, अपॉइंटमेंटला गाडी आणि मूळ कागद दोन्ही न्यायचे, पाहणी झाली की नंबर पडतो आणि आरसी पोस्टाने घरी. पोस्टमन आला तेव्हा घरी कोणी नसेल तर ती परत जाते, मग आरटीओच्या खेपा, तेव्हा वॉचमनला सांगून ठेवा. नंबर पडला की त्या नंबरची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावा, जुन्या केएच्या प्लेटवर फिरू नका. इन्शुरन्स कंपनीला लगेच मेल करून पॉलिसीत नंबर बदलून घ्या, फास्टॅगला नवी आरसी अपलोड करा. नंतर बघू म्हणून सोडलं आणि मध्येच कुठे गाडी ठोकली तर क्लेमवाले नंबर जुळत नाही म्हणून तंगवतात.

तिरका_कोपरा
ठीक आहे बाबा, हरलो. माझी स्वतःची गाडी टीएन पासिंग आहे आणि तिचं तिसरं वर्ष चालू आहे 😅 वर्ष उलटून गेलेल्यांना दंड लागतो का?

गिअर_पाचवा
लागतो, उशिराचा दंड आणि टॅक्सवर व्याज. जेवढं लांबवाल तेवढं व्याज वाढणार. परिवहनच्या साइटवर आधी तुमच्या गाडीचं रेकॉर्ड उघडून बोजा आणि चलनं बघा, मग वेगळा धागा काढा, तामिळनाडूची एनओसी काढलेले इथे दोघं-तिघं आहेत.