मदत हवी आहे: पहिला कथासंग्रह स्वतःच काढावा का?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. अकरा कथा तयार आहेत, पुस्तकाची साधारण १४० पानं होतील. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि आमच्या वाड्यावर दारोदार ट्रक उभे राहिले, त्या दिवसांतल्या माणसांच्या कथा. तीन दिवाळी अंकांत आल्या, एक रविवारच्या पुरवणीत. म्हणजे अगदीच कोरी नाही मी.

पुण्याच्या एका प्रकाशकाकडे हस्तलिखित आठ महिने होतं. शेवटी निरोप आला: कथा चांगल्या आहेत, पण संवादांतली कोंकणी काढा, वाचक अडखळेल. आता सांगा, ‘पयशे फाल्यां दितां’ म्हणणाऱ्या ट्रकमालकाच्या तोंडी ‘पैसे उद्या देतो’ घातलं तर तो आमच्या वाड्यावरचा राहतो का?

दुसरीकडून चार दिवसांत होकार आला. तेव्हाच शंका यायला हवी होती. ६५ हजारांचं ‘पॅकेज’, ३०० प्रती, त्यातल्या ५० मला, बाकीच्या ‘वितरणात’. करारात सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क त्यांना, मुदतीचा पत्ता नाही. सही केलेली नाही.

प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर दोन कथा टाकून पाहिल्या. वाचक भेटतात, पण ‘पुढचा भाग कधी?’ हाच प्रश्न. माझी कथा तिथेच संपलेली असते हो! किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून फाइल करायला दिली. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमधून युनिकोड करून दिलं, तर ‘दर्या’च्या सगळीकडे ‘दऱ्या’ झालेल्या. मांडवीतून खनिज नेणारी माझी बार्ज मुरगावऐवजी सह्याद्रीत शिरली.

मला दीडशे-दोनशे छापील प्रती हव्यात, बस. छापून कुठे घ्याव्या? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, एकट्या माणसाला मिळतो का? आणि विकायच्या कशा? ओळखीचे लोक फुकटच मागतात, हे गृहीत धरूनच सांगा.

प्रतिसाद १

ताई, सही केली नाहीत ते बरं झालं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. पण त्या भरवशावर राहू नका. छापील मराठी आवृत्तीपुरते आणि ठरावीक वर्षांसाठीच हक्क द्या. भाषांतर, ई-पुस्तक, नाटक-सिनेमा तुमच्याकडे ठेवा.

आयएसबीएन लेखकाला स्वतःच्या नावावर मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, शुल्क नाही. ‘पॅकेज’वाले त्याचे वेगळे पैसे लावत असतील तर हसून उठा. किंडलच्या ई-पुस्तकाला तो लागतही नाही. मात्र स्वतः छापलंत की प्रकाशक तुम्हीच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवायची. हे बहुतेक जण विसरतात.

प्रतिसाद २

मी फोंड्याचा. कवितासंग्रह स्वतः काढला, पन्नास प्रती अजून माळ्यावर आहेत, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाईच घ्या. ऑफसेटला प्लेटा कराव्या लागतात, तो खर्च थोड्या प्रतींवर जड बसतो. पोथी डॉट कॉम, नोशन प्रेससारख्यांकडे मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून मिळते. माळा भरत नाही, पण एका प्रतीचा खर्च जास्त. पानं १६ च्या पटीत बसवा, १४० ची १४४ करा. प्रूफ कागदावर घेऊन वाचा, स्क्रीनवर ‘दऱ्या’ सुटतात.

किंमत ठरवताना दुकानदाराचं कमिशन विसरू नका. माझ्याकडून ४० टक्के घेतले. मी शेवटी व्हॉट्सॲपवर आगाऊ नोंदणी घेतली आणि टपालाने पाठवली. आता टपाल खात्याची पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. त्यासाठी पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पणजीत पाटोवरच्या संस्कृती भवनातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक प्रत घेऊन जा, गोव्यातल्या पुस्तकाची तिथे नोंद असलेली बरी.

कोंकणी ठेवा. शेवटी शब्दार्थांची यादीही नको.

धागाकर्ती

दोघांचे आभार. मूळ कथा मी मोबाइलवरच टाइप केल्या होत्या, म्हणजे त्या युनिकोडमध्येच होत्या! डीटीपीवाल्याने त्या जुन्या फॉन्टात नेल्या आणि परत आणल्या, त्याचेही पैसे घेतले. आता किंडलला मूळ फाइलच देते.

आयएसबीएनचा अर्ज आज भरते. एकच राहिलं: १४४ करायची तर चार पानं उरतात. प्रस्तावना कुणाकडे मागायची नाही हे ठरलेलं आहे. मग त्यांत काय घालू?