'वचन', 'अभिवचन' आणि 'क्लेम करणे'

प्रश्न

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या तरुण संघात सध्या एक प्रयोग सारखा कानावर येतो: 'हे वचन क्लेम करा.' कुणी त्याचे 'वचनावर हक्क सांगा' असे मराठी करतात. 'वचन' आणि 'अभिवचन' यांत फरक काय? आणि वचन मिळालेल्या माणसाने त्याचे काय करायचे, त्यासाठी आपल्या भाषेत कोणते क्रियापद आहे? नव्या वर्षाच्या उपासनेत मला वर्षभरासाठीचे वचन म्हणून कार्डावर यिर्मया २९:११ मिळाले (त्यात देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत), तेव्हापासून हे मनात घोळते आहे.

उत्तर

ताई, सलाम. 'अभिवचन' म्हणजे फक्त दिलेला शब्द. 'वचन' त्याहून ऐसपैस आहे. 'आज वचन कोण सांगणार?' म्हणजे उपदेश कोण करणार. 'देवाचे वचन' म्हणजे पवित्र शास्त्र, बायबल. आणि 'वचन दिले' म्हणजे शब्द दिला. जुन्या कराराच्या हिब्रूत अभिवचनासाठी वेगळे नाम नाही. 'दाबार', म्हणजे शब्द, त्यावरच काम भागते. देव बोलला म्हणजेच त्याने शब्द दिला. या बाबतीत आपला 'वचन' हा शब्द हिब्रूच्या फार जवळ आहे. नव्या करारात ग्रीकमध्ये 'एपांगेलिया' असा स्वतंत्र शब्द येतो, तिथे 'अभिवचन' नेमके बसते.

'क्लेम' मला खटकतो. तो विम्याचा आणि कोर्टाचा शब्द आहे. समोरचा देत नाही, म्हणून दावा लावायचा. मराठीत वचन देणे, पाळणे, मोडणे ही देणाऱ्याची क्रियापदे आहेत. ज्याला वचन मिळाले तो त्यावर विसंबतो, ते धरून राहतो. 'प्रभू, तुझे वचन धरून आलो आहोत' या प्रार्थनेत जो भरवसा आहे तो 'हक्क सांगतो' मध्ये येत नाही.

तुम्हाला मिळालेले वचनही मूळ जागी वाचून पाहा. ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रात आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येईल असे सांगतो. यिर्मया आधी त्याला 'आमेन, परमेश्वर असेच करो' म्हणतो, कारण त्यालाही तेच हवे होते. पण देवाचा शब्द सत्तर वर्षांचा होता, आणि यिर्मयाने तोच कळवला. अकराव्या ओवीतले हिताचे संकल्प या सत्तर वर्षांच्या लगेच पुढे येतात. त्याआधी आज्ञा आहेत: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. ते पत्र ऐकणाऱ्या कितीतरी जणांना परतीची वाट दिसणार नव्हती. त्यांनी वचनावर विसंबायचे म्हणजे शत्रूच्या देशात झाड लावायचे. हे सोडून एकटी अकरावी ओवी कार्डावर छापली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तरात आज्ञा आल्या, त्याला जोडून. 'आज्ञापालन' हा शब्द कवायतीसारखा कडक वाटतो, पण मुळात तसा नाही. हिब्रू 'शमा' म्हणजे ऐकणे, आणि मानणेही. आपण नाही का म्हणत, 'पोरगा ऐकत नाही'? त्याचे कान ठणठणीत असतात! शमुवेल संदेष्टा शौल राजाला बजावतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, तिथे क्रियापद हेच 'शमा'. आज्ञापालनासाठीच्या ग्रीक 'हुपाकोए'तही ऐकणेच दडलेले आहे, आणि रोमकरांस पत्रात प्रेषित पौल आरंभी व अखेरीस विश्वासाला हाच शब्द जोडतो.

'आमेन' ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून उत्पत्ती १५:६ मधले 'विश्वास ठेवला' हे क्रियापद आले आहे. मूळ भाव पक्के असण्याचा. यशया ७:९ मध्ये त्याच धातूवर श्लेष आहे: विश्वासात पक्के राहिला नाहीत तर टिकणार नाही.

जाता जाता, गोव्यातील कोकणी ख्रिस्ती विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात. फार सुंदर शब्द आहे.

प्रश्नकर्ती

दादा, म्हणजे आपण आज्ञा पाळल्या तरच देव वचन पाळणार, असे का? मग तो सौदाच झाला.

उत्तर

नाही, ताई. अब्राहामाला देवाने संततीचे वचन दिले होते. तो पंचाहत्तराव्या वर्षी हारान नगर सोडून निघाला आणि वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा तो शंभर वर्षांचा होता. मधल्या काळात धीर सुटला, दासी हागारेकडून इश्माएल झाला, आणि त्या घरात हागारेने फार सोसले. तरी देवाने शब्द फिरवला नाही. वचन टिकले ते देणाऱ्यामुळे. पण अब्राहाम हारानातच बसून 'माझा विश्वास आहे' म्हणत राहिला असता, तर त्याला विश्वास कोण म्हणेल? इब्री ११:८ त्याचा विश्वास सांगते तो असा: कुठे जातो हे ठाऊक नसताना तो निघाला. ऐकणे ही वचनाची किंमत नव्हे. माणूस वचनावर खरोखर विसंबला आहे, हे त्यातून दिसते.

म्हणून तुमच्या संघासाठी 'वचन धरून चला' असे सुचवतो. 'धरून' मध्ये विश्वास आला, 'चला' मध्ये आज्ञापालन. आणि पुढच्या वर्षी कार्डे तुम्हीच करणार असाल तर अकराव्या ओवीखाली २९:५-७ सुद्धा छापा, जागा कमी पडली तरी.