मदत हवी आहे: क्रिएटिनिन १.४, चंद्रपूरची हवा आणि एअर प्युरिफायर

पुरुष, वय ५८, शुगर नाही. क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी तो गाळते) १.४, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ५८. वास्तव्य कोळसा खाणी आणि औष्णिक केंद्राच्या पट्ट्यात. खिडकीच्या जाळीवर रोज काळी भुकटी बसते. हवेने किडनी बिघडते का? प्युरिफायर कोणता घ्यावा? खोली १२ बाय १०, उंची १० फूट.

प्रतिसाद १
एका रिपोर्टवर किडनीचा आजार ठरत नाही. जुना रिपोर्ट नसेल तर दोन आठवड्यांत क्रिएटिनिन पुन्हा करा, मग तीन महिन्यांनी. आदल्या रात्री मटण नको. सोबत लघवीची एसीआर (अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातं ती तपासणी) करा, सकाळच्या पहिल्या लघवीची. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवी. अंगात ताप किंवा लघवीला जळजळ असताना नमुना दिला तर आकडा उगाच फुगतो. नुसत्या युरिन रुटीनमध्ये थोडं अल्ब्युमिन सापडत नाही.

हवेचा संबंध आहे. अमेरिकेत जवळपास २५ लाख माजी सैनिकांच्या नोंदींत पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) जास्त तिथे ईजीएफआर जास्त घसरलेला दिसला. बारीक कणांमुळे रक्तवाहिन्यांना सूज येते, बीपी वाढतं, आणि किडनीची गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंताच. पण एका माणसाचं खापर हवेवर फोडता येत नाही. आधी बीपी आणि गुडघेदुखीच्या गोळ्या बघा. डायक्लोफेनॅक रोज चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रतिसाद २
खोली १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) निदान १७० घनमीटर लागेल. हेपा फिल्टर (प्युरिफायरमधला बारीक कण अडवणारा) धुवायचा नाही, धुतला की गेला. आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीचं) बटण बंद ठेवा, त्यातून ओझोन हा त्रासदायक वायू येऊ शकतो.

खरी गोम कूलरची. कूलर बाहेरचीच हवा आत ढकलतो आणि त्यातला वाळा किंवा हनीकोम्ब पॅड पीएम २.५ अडवत नाही. त्याच्यासोबत प्युरिफायर लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी. थंडीत खिडक्या लावून रात्रभर चालवा. हवा तेव्हाच जास्त वाईट असते.

प्रश्नकर्ता
मग उन्हाळ्यात कूलर बंद ठेवू?

प्रतिसाद २
मे महिन्यात, चंद्रपुरात? अजिबात नको. घामाने अंगातलं पाणी आटलं आणि वर पेनकिलर घेतली, तर किडनीला दणका काही दिवसांत बसतो. जाळी मात्र ओल्या फडक्यानेच पुसा. कोरडा झाडू मारला की भुकटी पुन्हा नाकात.