दिवाळीच्या टेबलासाठी रिकाम्या बाटल्या : कापायच्या कशा, रंग टिकवायचा कसा?

ओसरी : फराळाच्या टेबलावर मधोमध बाटल्यांची सजावट करायची आहे. टेबल सहा फुटी. बिअरच्या ६५० मिलीच्या तीन तपकिरी, वाइनच्या दोन हिरव्या आणि सरबताच्या चार साध्या बाटल्या आहेत. तपकिरी कापून त्यात तेलाचे दिवे, बाकीच्या रंगवून त्यात झेंडू किंवा एलईडी माळ असा बेत आहे. दोरा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून, पेटवून बाटली कापतात ते जमतं का? आणि काचेवर अ‍ॅक्रिलिक रंग नखानेही निघतो, त्याला उपाय काय?

हिरकणी_कटर : दोऱ्याचा नाद सोडा. दोऱ्याने काचेचा रुंद पट्टा तापतो, पण तडा नेमका कुठून निघावा हे ठरवणारी रेघच नसते. म्हणून काठ वाकडातिकडा येतो. शिवाय पेटलेलं रिमूव्हर बोटांवर ओघळतं ते वेगळंच.

चाकाचा बॉटल कटर घ्या. चाकाला तेलाचा एक थेंब, हलका पण सारखा दाब, आणि पूर्ण एकच फेरी. करकर आवाज सलग यायला हवा. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं की रेघेलगत बारीक टवके उडतात आणि चाकही बोथट होतं. मग बाटली फिरवत रेघेवर उकळत्या पाण्याची बारीक धार १०-१५ सेकंद, लगेच नळाचं पाणी. तीन-चार वेळा केलं की बाटली अलगद सुटते. बर्फाचं पाणी नको, तडा रेघ सोडून पळतो. खांदा आणि बूड यांच्यापासून निदान दोन सेंमी लांब कापा, तिथे काचेची जाडी बदलते. चौकोनी बाटल्यांच्या वाटेला जाऊच नका.

काठ घासायला वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) : १२०, मग २२०, मग ४०० नंबर. सपाट फरशीवर पाणी घालून गोल गोल घासा, शेवटी आतली-बाहेरची धार तिरकी मारा. कोरडं अजिबात घासू नका, ती भुकटी छातीत जाते. गॉगल आणि हातमोजे हवेतच.

रंगपेटी : रंग सुटतो त्याचं कारण बहुतेक वेळा तेलकट काच. आधी लेबल काढा : लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा, बाटली तासभर बुडवून ठेवा. कागदी लेबल घसरून येतं. प्लास्टिकचं असेल तर हेअर ड्रायरने गरम करून सोला. राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा समप्रमाणात कालवून २० मिनिटं, मग घासणी. त्यानंतर साबणाने धुवायचं विसरू नका, नाहीतर तेच तेल रंगाखाली राहतं. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवा आणि पुढे बाटली तोंडाशीच धरा.

साधा अ‍ॅक्रिलिक काचेसाठी नसतोच. भाजून पक्का होणारा ग्लास पेंट मिळतो. बाटली थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन सुरू करा, तापमान आणि वेळ डबीवर लिहिल्याप्रमाणे, आणि आतच गार होऊ द्या. ओव्हन नसेल तर रंग आतून द्या : पातळ रंग ओता, बाटली फिरवा, उलटी ठेवून दोन दिवस निथळू द्या. बाहेरून तकाकी येते आणि ओरखडा पडत नाही. मात्र अशा बाटलीत पाणी घालून फुलं ठेवता येत नाहीत. एलईडी माळ घालायच्या बाटल्या रंगवूच नका, उजेड झाकला जातो.

ओसरी : सुतळी गुंडाळायची तर ग्लू गन चालेल ना?

रंगपेटी : गुळगुळीत काचेवरून तो गोंद सालपटासारखा निघतो. साधा फेव्हिकॉल बरा. सुतळी त्यातलं पाणी शोषते, म्हणून तो वाळतो. काचेला काच जोडायची असेल तर मात्र तो आत वाळतच नाही, तिथे एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद).

समई : दिव्यांचं सांगते. तळाचा भाग ८-१० सेंमी उंच ठेवा, निम्म्यापर्यंत पाणी, वर एक सेंमी तेल, त्यावर तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून विझते. वात कडेला सरकू देऊ नका. एकाच जागी काच तापली की तडकते. या बाटल्यांना सुतळी नाही, आणि झेंडूच्या माळाही हातभर लांब.

बूड कापलेली बाटली पणतीवर झाकायची असेल तर बुच काढा आणि काठाखाली फरशीचे तीन तुकडे देऊन बोटभर फट ठेवा. खालून हवा आली नाही तर पणती विझते.

वाइनच्या बाटल्या सुमारे ३० सेंमी उंच असतात, त्या टेबलाच्या दोन टोकांना. मधे ठेवल्या तर समोरच्याचं तोंड दिसत नाही. एलईडी माळ घालण्याआधी बाटली रात्रभर उलटी वाळवा, नाहीतर आतून धुकं धरतं. बुचातल्या माळेला बटण सेल असतात. घरात लहान मूल असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारी माळच घ्या; सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.