पहिली ईपी: गिटार आणि आवाज एकत्र की वेगवेगळे?

षड्ज_दादर: स्वतः लिहून गिटारवर गाणाऱ्यांनी पहिली ईपी, म्हणजे ४ ते ६ गाण्यांचा छोटा अल्बम, गिटार आणि आवाज एकत्रच घेऊन रेकॉर्ड करावी. आधी मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) गिटार आणि मग त्यावर गाणं असं केलं की ओळीच्या शेवटी श्वासाला लागणारी सैल जागाच उरत नाही. आवाजाला फिगर-एट माइक लावा. तो पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी बहिरा असतो. ती बहिरी बाजू गिटारकडे करा. गिटारचा माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी) वीतभर अंतरावर. साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या गोल भोकासमोर, ठेवला तर नुसता घुमतो.

मिक्सर_घाटकोपर: मुंबईत हे कसं जमणार? शेवटच्या कडव्यात रिक्षाचा हॉर्न वाजला की अख्खा टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) वाया. लोकलची खालची घरघर ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचा आवाज कापणारा) बरीच कमी होते, पण हॉर्न गळ्याच्याच पट्टीत असतो. वेगळं घेतलं तर तेवढी ओळ पुन्हा गाता येते. शिवाय एकत्र घेतल्यावर सूर दुरुस्त करणं अवघड. गिटारच्या माइकमध्ये शिरलेला मूळ सूर तसाच राहतो आणि दोन गळे ऐकू येतात.

षड्ज_दादर: सूर दुरुस्त न होणं मला तरी चालतं. पहिल्या ईपीत गळा जसा आहे तसाच कळला पाहिजे. हॉर्नसाठी प्रत्येक गाण्याचे सलग ३-४ टेक घ्या, दर टेकआधी मेट्रोनोम थोडा ऐकून बंद करा. दोन टेकना जोड द्यायचा तो कडवं संपून कॉर्ड विरते तिथे. रुळांजवळ राहत असाल तर रात्री १ ते ४ ही वेळ बरी.

तारा_वसई: जोड देणार असाल तर सगळे टेक एकाच बैठकीत घ्या. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, गिटारची वरची फळी फुगते, तारा उचलल्या जातात आणि सूर हलतो. सकाळचा टेक रात्रीच्या टेकला जुळत नाही. दर टेकआधी ट्यूनर लावाच. पंखा अर्थातच बंद. आणि भिंतीवर गोधड्या टांगून फक्त वरचा झणकार दबतो, १००-२०० हर्ट्झचा घुमारा तसाच राहतो. कोपऱ्यापासून लांब बसा.

मिक्सर_घाटकोपर: एक गळा, एक गिटार असेल तर मान्य. हार्मनी (मुख्य गळ्याला वेगळ्या सुरात दिलेली गायनाची साथ) किंवा तबला नंतर चढवायचा असेल तर मेट्रोनोम लागणारच, नाहीतर वाजवणाऱ्याला सम सापडत नाही. बंद कपांचे हेडफोन वापरा आणि एक कान उघडा ठेवू नका, टिकटिक थेट माइकमध्ये जाते.

षड्ज_दादर: तबलजीलाही त्याच वेळी शेजारच्या खोलीत बसवा. तो गळा ऐकून वाजवेल, टिकटिक ऐकून नाही.