राष्ट्रगीत ‘गावे’, ‘म्हणावे’ की नुसते ‘उभे राहावे’?

प्रश्न एवढासा आहे, पण नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत त्यावरून दोन बैठका झाल्या. सव्वीस जानेवारीच्या सूचनेचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. (इमारतीत मराठीचा मास्तर मी एकटाच. त्यामुळे पाणीकपातीच्या सूचनेपासून शोकसंदेशापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात पडतं.) सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘सकाळी साडेसात वाजता झेंडावंदन. सर्वांनी राष्ट्रगान गाणे बंधनकारक.’ मी ‘राष्ट्रगान’ खोडून ‘राष्ट्रगीत’ केलं. ते म्हणाले, ‘सर, राष्ट्रगीत म्हणजे वंदे मातरम्. मोबाइलवर बघा.’

‘बंधनकारक’ कोणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब दरवर्षी वेळेवर खाली येतं, सावधान उभं राहतं, पण ओठ हलवत नाही. ते ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे आहेत आणि राष्ट्रगीत म्हणणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही.

पहिली गाठ सोपी आहे. हिंदीत जन गण मन हे ‘राष्ट्रगान’ आणि वंदे मातरम् हे ‘राष्ट्रगीत’. मराठीत बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, जन गण मनच्या डोक्यावर ‘राष्ट्रगीत’ छापलेलं आहे. वंदे मातरम्‌ला आपण फार तर ‘राष्ट्रीय गीत’ म्हणतो. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राजेंद्रप्रसादांनी जन गण मनला राष्ट्रगीताचं स्थान मिळाल्याचं सांगितलं आणि वंदे मातरम्‌लाही तितकाच मान राहील असं जाहीर केलं. मान सारखा, नावं वेगळी. हिंदी मजकूर मराठीत उतरवताना ‘राष्ट्रगीत’ शब्द तसाच येतो आणि गाणं मात्र बदलतं. निम्मी भांडणं तिथेच लागतात.

माझा खरा प्रश्न पुढचा. जो गात नाही तो काय करतो? वर्तमानपत्रं लिहितात ‘गाण्यास नकार’. ‘मौन’ म्हणावं का? की ‘गप्प राहणे’? हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवला. त्यांची उत्तरं अशी :

पंचवटीतल्या एक निवृत्त शिक्षिका

सर, आपण राष्ट्रगीत गातो कुठे? आपण ते म्हणतो! पाढे म्हणतो, आरती म्हणतो, मंगलाष्टकं म्हणतो. पाहुण्यांपुढे मुलीला सुद्धा ‘गाणं म्हण गं’ असंच सांगतो. ‘गाते’ म्हटलं की बाई शिकलेल्या वाटतात. पण ‘म्हणणे’चा दुसरा अर्थही आहे. ‘तुमचं म्हणणं काय?’ म्हणजे तुमचं मत काय. पाढे म्हणताना हा दुसरा अर्थ झोपलेला असतो, कारण बे दुणे चार हे कोणाचं मत नाही. ‘भारत माझा देश आहे’ म्हणताना तो जागा होतो. म्हणून ‘म्हणायलाच लावायचं’ हे मला पटत नाही. दुसऱ्याच्या तोंडी आपलं म्हणणं घालायचं, तर मग ते त्याचं कसं राहील?

जाता जाता, शाळेतल्या आज्ञेकडे कधी लक्ष दिलंत? ‘राष्ट्रगीत शुरू कर!’ आज्ञा हिंदी, गाण्याचं नाव मराठी पद्धतीचं, आणि समोर हजार मुलं असली तरी क्रियापद एकवचनी. तीस वर्षं ऐकलं, आता ते खटकायला लागलंय.

नाशिक कोर्टात वकिली करणारे एक वाचक

बाईंच्या मुद्द्याला आमची पुस्ती. अर्ज आला की न्यायाधीश समोरच्या पक्षाला ‘म्हणणे द्या’ असं सांगतात. आम्ही वकील आपसात त्याला ‘से’ (इंग्रजीतला say) म्हणतो. म्हणणे ज्याचं त्यानेच द्यायचं असतं.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाविषयी. त्यांच्याच पंथाच्या केरळमधल्या तीन भावंडांना जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढलं होतं. ती रोज राष्ट्रगीताला उभी राहत, म्हणत नसत. केरळ उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. निकाल न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिला आहे. कोणालाही गायला भाग पाडणारा कायदाच नाही, आदराने उभं राहणाऱ्याने म्हटलं नाही म्हणून अवमान होत नाही, आणि मुलांचा आक्षेप प्रामाणिक धर्मश्रद्धेतून आलेला आहे, असं त्यात आहे. आधार घेतला तो अभिव्यक्तीच्या १९ व्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या २५ व्या अनुच्छेदाचा. बोलण्याच्या हक्कात न बोलणंही आलं, असा त्याचा अर्थ.

राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याचं कलम ३ राष्ट्रगीत म्हणणाऱ्यांना मुद्दाम अडवणाऱ्याला किंवा तिथे गोंधळ घालणाऱ्याला लागतं. जो शांत उभा आहे त्याला नाही. थिएटरचं आठवा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशात सिनेमाआधी राष्ट्रगीत वाजवण्याची सक्ती होती, पण प्रेक्षकांना उभं राहायला सांगितलं होतं, गायला नव्हे. ९ जानेवारी २०१८ ला ती वाजवण्याची सक्तीही उठली.

म्हणून ‘नकार’ शब्द मला चुकीचा वाटतो. नकार मागणीला असतो. जिथे मागण्याचाच अधिकार नाही तिथे नकार कसला?

सिडकोतले एक काका

हे सगळं ठीक आहे हो, पण म्हणायला जातं काय? बावन्न सेकंदांचा प्रश्न.

पुन्हा मी

काका, ज्याचं जातं त्यालाच ते कळतं. आपल्याकडची रीत आठवा. मंडळाच्या आरतीला शेजारचा ख्रिस्ती मुलगा हात बांधून उभा राहतो, आरती म्हणत नाही, प्रसाद घेतो आणि घरी जातो. ‘आरतीस नकार’ असं कोणी लिहिलंय का? आणि ओठांचंच म्हणाल तर ‘उच्छल जलधितरंग’ला आमच्या निम्म्या इमारतीचे ओठ नुसतेच हलतात. त्यांच्यावरही नोटीस काढायची का?

जुन्या नाशकातून एक वाचक

आमच्या घरी जन गण मन सगळे खड्या आवाजात म्हणतात, शाळेत माझी बहीण पुढे उभी राहून सुरू करायची. अडखळायला होतं ते वंदे मातरम्‌मधल्या ‘वंदे’पाशी, तेही सगळ्यांना नाही. माझे चुलते म्हणतात, माझे वडील म्हणत नसत. मराठीत ‘सादर वंदन’ पत्राच्या मायन्यात येतं, त्यात पूजा नसते, हे मलाही कळतं. पण त्रिरश्मी लेण्यांवर ‘बुद्धवंदना’ होते, माझा जैन मित्र साधूंना ‘मत्थएण वंदामि’ म्हणतो. तिथे तो शब्द श्रद्धेचाच आहे. शिवाय ‘वंदे’ हे प्रथमपुरुषी एकवचन, म्हणजे ‘मी वंदन करतो’. क्रियापदातच मी आलो. आदर, मान, वंदन, पूजा हे एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि कोणी कुठे थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. १९३७ मध्ये काँग्रेसने पहिली दोनच कडवी घ्यायचं ठरवलं, कारण पुढच्या कडव्यांत दुर्गेचं नाव येतं. म्हणजे ही अडचण त्या काळीही लोकांनी समजून घेतली होती.

रविवार कारंजावरचे एक इतिहासप्रेमी

याच गावात १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कविता छापल्याबद्दल. कवी गोविंदांची पदं तेव्हा गल्लीबोळांत म्हटली जायची. सरकारला त्या ‘म्हणण्या’ची धास्ती होती. तेव्हा म्हणणे आणि मत यांत फरक नव्हता, हे बाईंचं सरकारलाही मान्य होतं म्हणायचं!

पुन्हा मी

मग ठरलं ते सांगतो. ‘मौन’ मी सोडलं. मौन मुनीचं, त्यात व्रत आलं, आणि ते कुटुंब काही व्रत करत नाही. ‘गप्प’ही सोडलं, कारण गप्प बसवतातही. ‘म्हणत नाहीत’ एवढं साधं क्रियापद पुरतं. कर्मणी नको, नकार नको, विशेषण नको.

सूचना अशी लिहिली : ‘सकाळी साडेसात वाजता झेंडावंदन. राष्ट्रगीताच्या वेळी सर्वांनी सावधान उभे राहावे. नंतर चहा व जिलेबी.’

फलकावर लावायला गेलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. वाचून हसल्या, म्हणाल्या, ‘छान झालंय सर. पण झेंडावंदनातल्या वंदनाचं काय?’ ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘ध्वजारोहण’ करू म्हटलं, तर मागून सेक्रेटरी म्हणाले, ‘सर, ध्वजारोहण पंधरा ऑगस्टला. सव्वीस जानेवारीला ध्वज फडकवतात. मोबाइलवर बघा.’

तिसरी बैठक रविवारी आहे.